घोड्याची परीक्षा शिंगरांत

१९११ सालच्या डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या एअर या गावी एका घोड्याचा लिलाव झाला. घोड्याचं नाव बॅरन ऑफ बकलायव्ही, जात क्लाइड्सडेल, वय अकरा वर्षं. शर्यतीच्या मैदानाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. नांगर ओढणाऱ्या आणि गोदीतून मालाचे गाडे वाहणाऱ्या घोड्यांच्या कुळातला तो. जेम्स किलपॅट्रिक आणि विल्यम डनलॉप या दोन नामवंत पैदासकारांत त्याच्या मालकीवरून तंटा झाला होता आणि तो तंटा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. घोडा दोघांच्या समाईक मालकीचा, असा निकाल लागला. समाईक शेत वाटून घेता येतं, समाईक घोडा येत नाही. म्हणून तो विकायचा ठरला. अखेरची बोली ९,५०० पौंडांची होती. ती डनलॉप यांची ठरली. तीन वर्षांनी एका घोडीच्या लाथेनं त्याचा पाय मोडला आणि त्यातच त्याचा शेवट झाला. त्याचा सांगाडा आजही ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आहे.

ओढकामाच्या घोड्यासाठी एवढी रक्कम कोणी का मोजावी? कारण ती रक्कम त्याच्या ताकदीची नव्हतीच. १९०८ साली जन्मलेला त्याचा मुलगा डन्यूर फुटप्रिंट तोवर स्वतः नावारूपाला येत होता, आणि बॅरनची इतर शिंगरं प्रदर्शनांमागून प्रदर्शनं जिंकत होती. लोक बोली लावत होते ती त्याच्या बीजावर.

पैदाशीच्या नराबद्दल तीन प्रश्न विचारले जातात. तो कोणाचा? तो स्वतः कसा? आणि त्याची शिंगरं कशी? पहिल्याचं उत्तर वंशावळीत मिळतं, दुसऱ्याचं मैदानात किंवा प्रदर्शनात. तिसऱ्यासाठी मात्र चार-पाच वर्षं थांबावं लागतं, आणि तेवढा दम फार थोड्यांना असतो. वेगासाठी जोपासलेला थरोब्रेड असो की ओझ्यासाठी जोपासलेला शायर, गेल्या तीनशे वर्षांचा अनुभव दोन गोष्टी सांगतो. नराची खरी किंमत त्याच्या शिंगरांत कळते. आणि ती एकदा कळली, की सगळ्यांनी त्याच एका नरामागे धावावं, यासारखा पैदाशीत दुसरा धोका नाही.

तीन नर आणि एक वही

आज जगभर शर्यतीत धावणाऱ्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याच्या बापाचा बाप, त्याचा बाप असं मागे मागे जात राहिलं, तर आपण तीनपैकी एका घोड्यापाशी पोहोचतो. पहिला बायर्ली टर्क. कॅप्टन रॉबर्ट बायर्लीचा हा लढाईतला घोडा १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत होता. दुसरा डार्ली अरेबियन. थॉमस डार्ली यांनी तो सीरियातल्या अलेप्पोहून मिळवला आणि १७०४ साली यॉर्कशायरमधल्या ऑल्डबी पार्क या आपल्या घरी धाडला. तिसरा गॉडॉल्फिन अरेबियन; तो १७५३ साली केंब्रिजजवळ मेला आणि त्याची कबर आजही तिथे दाखवतात. या तिघांचे वंश पुढे टिकले ते प्रत्येकी एका वंशजामुळे: बायर्लीचा वंश १७५८ सालच्या हेरडमुळे, डार्लीचा १७६४ सालच्या एक्लिप्समुळे आणि गॉडॉल्फिनचा १७४८ सालच्या मॅचममुळे.

एक्लिप्सचा जन्म १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी झाला. नाव त्यावरूनच पडलं. तो १८ शर्यती धावला आणि एकदाही हरला नाही. पुढे त्याच्याशी स्पर्धा करायलाच कोणी तयार होईना, तेव्हा त्याला पैदाशीसाठी ठेवण्यात आलं. डार्ली अरेबियन हा त्याचा खापरपणजोबा. आज थरोब्रेड नरांपैकी सुमारे ९५ टक्के नर या एकाच पितृवंशातले आहेत, आणि तो वंश एक्लिप्समधून आलेला आहे.

या घोड्यांचा हिशेब कोणीतरी लिहून ठेवला म्हणून आपल्याला हे सांगता येतं. जेम्स वेदरबी यांनी १७९१ साली 'जनरल स्टड बुक'चा प्रास्ताविक भाग छापला आणि १७९३ साली पहिला खंड निघाला. शर्यतीत खोट्या वयाचे आणि खोट्या कुळाचे घोडे उतरवण्याचे प्रकार तेव्हा सर्रास चालत. वहीनं त्यांना आळा घातला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वहीनं कुंपण घातलं. ज्याचे आईबाप वहीत, तोच वहीत. बाहेरच्याला प्रवेश नाही. एक जात म्हणून थरोब्रेड टिकला तो या कुंपणामुळे. पुढे त्याच्यापुढे जी अडचण उभी राहिली, तीही याच कुंपणानं आणली.

या कथेत घोड्या मात्र बहुतेक निनावी राहिल्या. तीन नरांची नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ज्या देशी ब्रिटिश घोड्यांच्या पोटी त्यांची शिंगरं जन्मली, त्यांच्याबद्दल वहीत फारसं काही नाही. विज्ञानानं ही चूक अलीकडे दुरुस्त केली. स्नायूंची वाढ आवरणारं मायोस्टॅटिन नावाचं एक जनुक आहे. त्याचं एक रूप ज्यांच्यात दुहेरी असतं ते घोडे कमी अंतराच्या शर्यतीत चमकतात, आणि दुसरं रूप दुहेरी असेल तर घोडा लांब पल्ल्याला टिकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वेगाचं हे रूप जातीत एकदाच शिरलं, आणि तेही बहुधा सुमारे ३०० वर्षांपूर्वीच्या एखाद्या देशी ब्रिटिश घोडीकडून. अरबी घोड्यांना ज्याचं श्रेय दिलं गेलं, त्यातला मोठा वाटा त्या निनावी घोडीचा आहे.

ओझ्याचे घोडे आणि फिरते नर

शर्यतीचे शौकीन सरदार आपली वही जपत होते, त्याच काळात इंग्लंडच्या शेतांत वेगळ्याच घोड्याची गरज वाढत होती. दलदल हटवून काढलेली जड जमीन, कालव्यातल्या नावा, शहरांतले दारूच्या पिंपांचे गाडे या सगळ्याला वजनदार, शांत आणि रुंद छातीचा घोडा हवा होता. आपल्याकडे हे काम बैलानं केलं. खिलार, डांगी, देवणी या जाती त्यातूनच घडल्या आणि जड घोड्याची जात इथे घडवण्याची वेळच आली नाही. मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात घोड्यांच्या ट्राम धावल्या, पण पुढे त्यांची जागा विजेच्या ट्रामनी घेतली.

शायर जातीचा मूळ पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो नर पॅकिंग्टनचा आंधळा घोडा म्हणून ओळखला जातो. १७५५ ते १७७० या काळात तो लेस्टरशायरमध्ये पैदाशीला होता. त्याच परगण्यात डिश्ली इथे रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी राहत होता. त्यानं हॉलंडमधून घोड्या आणून स्थानिक काळ्या घोड्यांत मिसळल्या. बेकवेलची खरी देणगी मात्र वेगळी. आपले नर तो विकत नसे, हंगामापुरते भाड्यानं देत असे. त्यामुळे वेगवेगळ्या शेतांवर, वेगवेगळ्या माद्यांच्या पोटी कोणत्या नराची प्रजा कशी निपजते हे त्याला पाहता येई आणि उत्तम ठरलेला नर परत घरी आणता येई. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही रीत त्यानं आधी मेंढ्यांत वापरली आणि मग गाई-घोड्यांत.

सफोक पंच ही जात तर एकाच नरावर उभी आहे. १७६८ साली जन्मलेल्या, अफर्ड गावच्या क्रिस्प नावाच्या शेतकऱ्याच्या घोड्यापर्यंत आजच्या प्रत्येक सफोकचा पितृवंश पोहोचतो. फ्रान्समधल्या पेर्शेरॉनचा असाच मूळ पुरुष म्हणजे १८२३ साली जन्मलेला ज्याँ ल ब्लाँ. या जातींच्या वह्या थरोब्रेडच्या मानानं फार उशिरा निघाल्या. क्लाइड्सडेल आणि सफोक यांच्या संस्था १८७७ साली स्थापन झाल्या, शायरची १८७८ साली.

या घोड्यांची पैदास होई ती रस्त्यावर. वसंत ऋतू लागला की एक माणूस एका नराला घेऊन पायी निघे. घोड्याची आयाळ रंगीत फितींनी गुंफलेली, पाठीवर रुंद पट्टा, पितळेच्या कड्या चकचकीत घासलेल्या. त्या माणसाच्या खिशात छापील कार्डं असत. त्यांवर नराचं नाव, त्याचा बाप, आईचा बाप, त्यानं जिंकलेली बक्षिसं, फी, आणि कोणत्या वारी तो कोणत्या गावी मुक्कामाला असेल याचा तक्ता. सोमवारी या वाड्यावर, मंगळवारी त्या खानावळीच्या तबेल्यात, असा आठवड्याचा फेरा पूर्ण करून तो पुन्हा पहिल्या गावी येई. घोडीचा माज साधारण २१ दिवसांनी फिरतो. त्यामुळे तीन फेऱ्यांनंतर तीच घोडी पुन्हा नरासमोर आणली जाई. तिनं कान मागे टाकून लाथ उगारली तर ती गाभण, असा अदमास. ती शांत उभी राहिली तर काम पुन्हा करायचं. एवढ्या मोठ्या जनावराला महिनोन्‌महिने एकट्यानं रस्त्यानं चालवणं, दररोज नव्या घोड्यांशी गाठ घालणं आणि तरी त्याला शांत ठेवणं, हे त्या माणसाचं कसब होतं. त्याचं नाव मात्र कुठल्याच वहीत आलं नाही.

स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनी यात आणखी एक शहाणपण केलं. त्यांनी गावोगाव मंडळं काढली. ग्लासगोच्या नरांच्या प्रदर्शनात जाऊन मंडळ एखादा नर हंगामासाठी ठरवून घेई, मालकाला ठरावीक रक्कम देई आणि सभासदांना वाजवी फीमध्ये त्याची सोय होई. दोन घोड्या बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या दारी देशातला उत्तम नर येऊ लागला. १९१८ च्या कायद्यानं पुढे फिरत्या नरांना परवाना सक्तीचा केला. धावताना घशातून घुरघुर करणारा किंवा खुराजवळची कूर्चा हाडासारखी टणक झालेला नर परवान्यासाठी अपात्र ठरू लागला. बक्षीस मिळवणारा घोडा आणि पुढच्या पिढीला निरोगी पाय देणारा घोडा हे एकच असतात असं नाही, हे कायद्यानंही मान्य केलं.

शेडमधलं काम

आजच्या थरोब्रेड स्टडवर फिरता नर नाही. घोड्याच नराकडे येतात. कृत्रिम रेतन जगात सगळीकडे चालतं, पण थरोब्रेडच्या वहीला ते मान्य नाही. कृत्रिम रेतनानं झालेलं शिंगरू वहीत नोंदलंच जात नाही. त्यामुळे कोट्यवधींचा नर आणि कोट्यवधींची घोडी समोरासमोर आणण्यावाचून गत्यंतर नसतं.

कामाची सुरुवात टीझरपासून होते. टीझर म्हणजे कमी किमतीचा, धीराचा एक नर. त्याला मजबूत कठड्याच्या पलीकडे उभं करून घोडीजवळ आणतात. तिचा प्रतिसाद पाहून ती माजावर आहे की नाही हे कळतं, आणि मोलाच्या नरावर लाथा खाण्याची वेळ येत नाही. मग पशुवैद्य सोनोग्राफीनं अंडाशयातलं बीज केव्हा सुटेल याचा अंदाज घेतो. घोडीचं शेपूट पट्टीनं बांधतात, मागचा भाग धुतात, मागच्या खुरांना मऊ बूट घालतात. शेडच्या भिंतींना गादी आणि जमिनीवर न घसरणारा थर. एक मोतद्दार घोडीच्या डोक्याशी, एक नराच्या लगामाशी आणि एक बाजूला. सगळं काही मिनिटांत आटोपतं. नराच्या शेपटीची वरखाली होणारी लयबद्ध हालचाल पाहूनच अनुभवी माणूस काम झाल्याचं सांगतो. तारीख, वेळ, दोन्ही जनावरांची नावं लगेच नोंदली जातात.

चौदाव्या ते सोळाव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी होते. घोडीला जुळी राहिली तर ती बहुधा जगत नाहीत आणि तिलाही धोका असतो. म्हणून दोनांतला एक गर्भ याच वेळी काढून टाकतात. सगळं सुरळीत गेलं तर अकरा महिन्यांनी शिंगरू होतं. बहुतेक करारांत अशी अट असते, की शिंगरू जिवंत जन्मलं, उभं राहिलं आणि आईला लुचलं, तरच नराची फी द्यायची.

वेळेचं गणितही विचित्र आहे. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारीला धरतात. जून महिन्यात जन्मलेलं शिंगरू जानेवारीतल्या शिंगराबरोबर एकाच वयोगटात धावतं आणि पाच महिन्यांनी लहान असल्यामुळे मागे पडतं. म्हणून घोडी लवकर गाभण राहायला हवी. निसर्गानं तर घोडीचा माज वसंतातल्या मोठ्या दिवसांशी जोडलेला. यावर उपाय म्हणून युरोप-अमेरिकेत डिसेंबरपासूनच पागेत दिवे लावून घोड्यांना १६ तासांचा दिवस दाखवतात. दक्षिण गोलार्धातला हंगाम याच्या नेमका उलट येतो. म्हणून १९९० च्या दशकापासून काही नर सहा महिने आयर्लंडात आणि सहा महिने ऑस्ट्रेलियात विमानानं ये-जा करू लागले. डेनहिल हा त्यांतला सर्वांत यशस्वी. ऑस्ट्रेलियात तो नऊ वेळा पहिल्या क्रमांकाचा पैदाशीचा नर ठरला.

वंशावळ वाचायची कशी

वंशावळीचा कागद डावीकडून उजवीकडे वाचतात. डावीकडे घोडा, मग आईबाप, मग चार आजे-आज्या, मग आठ, मग सोळा. वरचा अर्धा भाग बापाचा, खालचा आईचा. जाणकार माणूस आधी खालच्या भागाकडे पाहतो, कारण बाप सगळ्यांना माहीत असतो. आईनं आधी काय दिलं आणि तिच्या बहिणींनी काय दिलं, यावर बरंच काही ठरतं.

फ्रँकेलचं उदाहरण घेऊ. २००८ साली जन्मलेला हा घोडा १४ शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. बाप गॅलिलिओ, आजोबा सॅडलर्स वेल्स, आणि पणजोबा नॉर्दर्न डान्सर. आई काइंड, तिचा बाप डेनहिल, त्याचा बाप डॅनझिग, आणि डॅनझिगचा बाप पुन्हा नॉर्दर्न डान्सर. एकच पूर्वज बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडून चौथ्या पिढीत आला. पैदासकार याला 'तीन बाय चार' म्हणतात. प्रत्येक पिढीत वारसा निम्म्यानं घटतो, म्हणून तिसऱ्या पिढीतून साडेबारा टक्के आणि चौथीतून सव्वासहा टक्के, असा नॉर्दर्न डान्सरचा अंदाजे पावणेएकोणीस टक्के वाटा फ्रँकेलमध्ये आहे. खुद्द डेनहिलमध्येही नॉर्दर्न डान्सरची आई नताल्मा दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत येते. गुण पक्के व्हावेत म्हणून पैदासकार असं मुद्दाम करतात. गुणांबरोबर दोषही असेच पक्के होतात.

हा नॉर्दर्न डान्सर कोण? १९६१ साली कॅनडात जन्मलेला, बुटका, ठेंगण्या बांध्याचा घोडा. एक वर्षाचा असताना मालक ई. पी. टेलर यांनी त्याची किंमत २५,००० डॉलर ठेवली आणि एकाही गिऱ्हाइकानं तो घेतला नाही. १९६४ साली त्यानं केंटकी डर्बी जिंकली. १९६५ साली पैदाशीला आला तेव्हा त्याची फी १०,००० डॉलर होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती दहा लाख डॉलरपर्यंत गेली, आणि तीही शिंगराची हमी न देता. त्याच्या सहाशेहून थोड्या जास्त शिंगरांपैकी जवळजवळ दीडशे शिंगरांनी मोठ्या दर्जाच्या शर्यती जिंकल्या. त्याचा मुलगा सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये १४ वेळा अव्वल नर ठरला, आणि नातू गॅलिलिओ १२ वेळा.

नॉर्दर्न डान्सरच्या मागे इटलीतल्या फेडेरिको टेझिओ यांची नजर आहे. १९१५ साली टेझिओ यांनी न्यूमार्केटला कॅटनिप नावाची घोडी फक्त ७५ गिनींना घेतली. तिच्या मुलीच्या पोटी १९३५ साली निअर्को जन्मला. तो १४ शर्यती अपराजित राहिला. १९३८ साली तो ६०,००० पौंडांना इंग्लंडात विकला गेला, आणि महायुद्धात त्याच्यासाठी बॉम्बपासून बचावाचा खास निवारा बांधण्यात आला. निअर्कोचा मुलगा निअर्क्टिक, आणि निअर्क्टिकचा मुलगा नॉर्दर्न डान्सर. आजच्या जगातल्या अव्वल वंशाची एक मुळी ७५ गिनींच्या घोडीपाशी जाते, हे प्रत्येक पैदासकारानं लक्षात ठेवावं.

पैसा काय सांगतो आणि काय नाही

खाण तशी माती, असं आपण म्हणतो. घोड्यांच्या बाजारात ही म्हण अर्धीच खरी ठरते. २००८ साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९२२ पासूनच्या ४,००० हून अधिक थरोब्रेडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोड्यांच्या आयुष्यभराच्या बक्षिसांत जो फरक पडतो, त्यातला फक्त दहा टक्के भाग आनुवंशिक गुणांनी समजावता येतो, असं त्यांना दिसलं. बाकी सगळं संगोपन, तालीम, जॉकी आणि कोणत्या शर्यती निवडल्या यावर. महागडी फी आणि उत्तम जनुकं यांत ठोस संबंधही त्यांना सापडला नाही. जास्त फी देऊ शकणारा मालक चांगला ट्रेनरही ठेवू शकतो, हे त्यामागचं साधं कारण.

उदाहरणं हवी तितकी आहेत. द ग्रीन मंकी या शिंगराला २००६ साली १ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. तो तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. सिगार हा अमेरिकी घोडा सलग १६ शर्यती जिंकून पैदाशीला आला आणि वंध्य निघाला. एकही घोडी गाभण राहिली नाही. १९७३ साली अमेरिकी ट्रिपल क्राउन जिंकणाऱ्या सेक्रेटेरियटचे मुलगे पैदाशीत फिके पडले, पण त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे नामांकित नर जन्मले. त्याचं मोल पुढे आलं ते मुलींच्या वाटेनं, एक पिढी उशिरा.

भारताचं उदाहरण आणखी बोलकं आहे. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन १९९० च्या एप्सम डर्बीत सर्वांचा आवडता होता आणि शर्यतीत खूप मागे राहिला. युरोपनं त्याच्याकडे पाठ फिरवली. तो भारतात आला आणि इथे अनेक वर्षं अव्वल पैदाशीचा नर ठरला. 'तो स्वतः कसा' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाईट होतं, 'शिंगरं कशी' या तिसऱ्याचं उत्तम निघालं.

अरुंद होत चाललेली वाट

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की आजच्या थरोब्रेडांच्या आनुवंशिक ठेव्यातला सुमारे ७८ टक्के भाग फक्त ३० मूळ जनावरांकडून आला आहे. कुंपण घातलेल्या वहीचा हा हिशेब. त्यात आता एकेक लोकप्रिय नर वर्षाला दीडशे-दोनशे घोड्यांना लावला जातो, आणि गेल्या काही दशकांत जातीतली जवळच्या नात्याची पैदास सतत वाढली आहे. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं २०२० साली, त्या वर्षी व त्यानंतर जन्मलेल्या नरांसाठी वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घातली. मोठ्या स्टडवाल्यांनी विरोध केला आणि २०२२ साली ती मर्यादा मागे घ्यावी लागली. माझ्या मते तो निर्णय चुकीच्या दिशेचा होता. मर्यादेनं फार तर काही मालकांची कमाई घटली असती. संपलेली विविधता मात्र कोणत्याही किमतीला परत आणता येत नाही.

ओढकामाच्या जातींना हा धडा अधिक कठोरपणे मिळाला. ट्रॅक्टर आला आणि हजारो घोडे निकामी ठरले. १९६६ साली सफोक पंचची फक्त नऊ शिंगरं नोंदली गेली. एकाच नरावर उभी राहिलेली जात आता मूठभर घोड्यांवर तोलली गेली. बेल्जियन घोड्यांत नवजात शिंगराची कातडी सोलून निघणारा एक प्राणघातक रोग आहे. आईबाप दोघेही वरून ठणठणीत दिसतात, पण दोघांनीही दोषी जनुक दिलं की शिंगरू वाचत नाही. पायांवर लांब केस असणाऱ्या शायर-क्लाइड्सडेलमध्ये पाय कायमचे सुजत जाण्याचा बरा न होणारा आजार आढळतो. यांपैकी पहिल्या रोगाची डीएनए चाचणी आता होते आणि दोष बाळगणारा नर आधीच ओळखता येतो. शिवाय ओढकामाच्या जातींना कृत्रिम रेतनाची मुभा आहे. २०२० साली ब्रिटनमध्ये लिंगानुसार वेगळं केलेलं वीर्य वापरून सफोकचं मादी शिंगरू जन्माला आणण्यात आलं, कारण जात वाचवायची तर घोड्यांपेक्षा घोड्या आधी हव्यात.

पुण्यापासून भीमथडीपर्यंत

भारतातल्या थरोब्रेडांची वही पुण्यात आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या छत्राखालची स्टड बुक ऑथॉरिटी देशभरातल्या नरांची, घोड्यांची आणि शिंगरांची नोंद ठेवते. कोणतंही शिंगरू डीएनए तपासून आईबाप सिद्ध झाल्याशिवाय वहीत येत नाही. पुण्याच्या स्टड फार्मांनी महाराष्ट्राला शर्यतीपलीकडेही काही दिलं आहे. १९४६ साली सुरू झालेल्या पूनावाला स्टडवरचे निवृत्त घोडे लसनिर्मितीसाठी हाफकिन संस्थेला दिले जात. त्याच घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार होतं हे पाहून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

आपली स्वतःची एक जातही आता नोंदवहीच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकते आहे. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याच्या पाठीवर मराठ्यांचे पागेदार हिंडले, त्याला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ही जात आज धनगरांच्या वाड्यांवर आणि फिरत्या कळपांबरोबर टिकून आहे. तिला वेदरबींच्या वहीसारखी वही अजून मिळायची आहे.

तिची वही लिहिताना तीनशे वर्षांचा हा अनुभव हाताशी आहे. नराइतकीच घोडीची नोंद ठेवावी. उंची आणि रंग पाहून बक्षीस द्यावं, पण नराचा दर्जा त्याच्या शिंगरांचे पाय, दम आणि स्वभाव पाहिल्यावरच ठरवावा. गाजलेला एकच नर साऱ्या खोऱ्यात फिरवू नये. पाच-सहा वेगळ्या कुळांचे नर सांभाळावेत आणि ज्यांच्याकडे हे घोडे आहेत त्या धनगर कुटुंबांना त्याचा मोबदला मिळावा. स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनी मंडळं काढून जे साधलं, ते आपल्या गावांनाही जमण्यासारखं आहे. आपल्या भागात भीमथडी घोडी व्यायली, तर तिच्या शिंगराच्या आईबापांची नावं, जन्मतारीख आणि गाव आजच एखाद्या वहीत लिहून ठेवा. पुढची पिढी त्या नोंदीवरच आपले नर निवडेल.